औषधाला दाद न देणारा आजार

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी मी रुग्णालयाचा जमाखर्च आपल्यापुढे ठेवतो. यंदाचा ताळेबंद लेखापरीक्षकांच्या अभिप्रायासह अहवालाच्या अखेरच्या पानांवर दिला आहे. तो आपण सावकाश वाचावा, शंका असल्यास जरूर विचाराव्यात. आजचा वेळ मात्र अध्यक्षांच्या अनुमतीने मी एका आजारासाठी मागून घेतला आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग हा तो आजार. त्यावरची केमोथेरपी, म्हणजे रसायनोपचार, पुष्कळदा का लागू पडत नाही, ती लागू पडावी म्हणून जगभरात कोणते प्रयत्न झाले, आणि त्यांतून आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने आपल्या निधीच्या विनियोगाबाबत काय शिकावे, एवढेच मला सांगायचे आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य पावत्या, प्रमाणके आणि खातेवह्या यांच्या संगतीत गेले. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. म्हणून आजच्या भाषणातील वैद्यकीय भाग आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडून वाचून, दुरुस्त करून घेतला आहे. तरीही काही उणे राहिले असेल तर ते माझ्या समजुतीचे, त्यांच्या ज्ञानाचे नव्हे.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांवर आपल्याकडे उपचार चालू होते. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचलेला होता. पहिल्या औषधांचा काही काळ उपयोग झाला, मग होईनासा झाला. दुसरी औषधे दिली, त्यांनाही रोगाने दाद दिली नाही. तिसरा प्रयत्न करता येईल, पण आशा फार थोडी आहे, असे केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिले होते. गुरुजींचा मुलगा सवलतीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्ज पुढे सरकवून त्याने विचारले, "साहेब, दोन एकर विकायला काढलंय. पैसे भरले की औषध लागू पडेल ना?"

मी त्याला खर्चाचा अंदाज लिहून दिला. सवलत किती बसेल तेही सांगितले. त्याच्या प्रश्नावर मात्र, "ते डॉक्टरांना विचारा," एवढेच म्हणालो. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की समाजसेवा विभागाने सर्व समजावले असेल असे डॉक्टरांना वाटले होते, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल असे समाजसेवा विभागाला. जमीन विकली गेली. औषध दोनदा दिले गेले आणि काही आठवड्यांतच गुरुजी गेले. अखेरची पावती न्यायला मुलगा आला तेव्हा एका शब्दानेही तो कोणाला बोलला नाही. उलट आभार मानून गेला. ते आभार जमेच्या बाजूला लिहिण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही. ते माझ्या नावेच पडलेले आहेत.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले, डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली ग्रंथी. अन्न पचवणारे रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन ही तिची दोन मोठी कामे. ती इतकी आत दडलेली आहे की तिथे वाढणारी गाठ हाताला लागत नाही आणि आरंभी दुखतही नाही. भूक मंदावणे, वजन घटणे, पाठीत रेंगाळणारी वेदना, कावीळ, पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह ही लक्षणे एकेकटी किरकोळ वाटतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती किरकोळच असतात. त्यामुळे निदान होते तेव्हा शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच उरतात. बाकीच्यांची भिस्त रसायनोपचारावर. अमेरिकेतील अलीकडच्या आकडेवारीनुसार तिथेही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. हे प्रमाण पूर्वी याहूनही कमी होते.

आता औषध लागू का पडत नाही ते पाहू. या आजारात दीर्घकाळ मुख्य औषध राहिले ते जेमसायटाबिन. अमेरिकेत त्याला या आजारासाठी १९९६ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध शिरेतून रक्तात जाते तेव्हा ते प्रत्यक्षात निष्क्रिय असते. माझ्यासारख्याला समजावे म्हणून आपल्या डॉक्टरांनी धनादेशाचे उदाहरण दिले. धनादेश हाती आला म्हणजे रोकड आली असे नव्हे. तो बँकेच्या दारातून आत गेला पाहिजे आणि त्यावर सह्या झाल्या पाहिजेत. जेमसायटाबिनला पेशीच्या आवरणावरील एका ठरावीक दारातून आत जावे लागते. आत गेल्यावर त्याला एकामागून एक तीन फॉस्फेट जोडले जातात. या झाल्या तीन सह्या. त्यानंतरच ते कर्कपेशीची वाढ रोखू शकते.

कर्कपेशी यातली प्रत्येक पायरी अडवू शकते. काही पेशींवर ते दारच कमी असते. काहींमध्ये पहिली सही करणारे विकर अपुरे असते, आणि पहिलीच सही अडली की पुढचे सारे अडते. काही पेशी औषधाचे विघटन करणारे दुसरे विकर अधिक प्रमाणात बनवतात, म्हणजे धनादेश वटण्याआधीच फाडला जातो. आणखी काही पेशी, औषधाने केलेली हानी भरून काढण्याची आपली यंत्रणा वाढवतात. एकाच गाठीत अशा निरनिराळ्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. औषधाने मरतात त्या मरतात, उरतात त्यांचीच पुढे संख्या वाढते. पहिल्या दोन महिन्यांत गाठ लहान होते आणि नंतर तेच औषध निरुपयोगी ठरते, याचे एक मोठे कारण हे आहे.

दुसरे कारण पेशीच्या बाहेरचे. या गाठीचा फार मोठा भाग कर्कपेशींचा नसतोच. तो तंतुमय, चिवट ऊतींचा असतो. या ऊतींच्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, रक्त नीट पोहोचत नाही, आणि रक्तातून येणारे औषधही पोहोचत नाही. गावात धान्य आले आहे, पण वाडीकडे जाणारा रस्ताच खचला आहे, तसा हा प्रकार.

तिसरे कारण २०१७ मध्ये उजेडात आले, आणि ते ऐकून मी थक्क झालो. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांबरोबर स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ११३ गाठी तपासल्या. त्यांपैकी ८६ गाठींत जीवाणू आढळले. त्यांतील काही प्रकारचे जीवाणू जेमसायटाबिन निष्प्रभ करणारे विकर बनवतात. उंदरांमध्ये प्रतिजैविक दिल्यावर औषधाचा परिणाम पुन्हा दिसू लागला. मात्र येथे उपस्थित असलेल्या नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे की एवढ्यावरून कोणीही आपल्या मनाने प्रतिजैविके सुरू करू नयेत. उंदरात जे घडले ते माणसात जसेच्या तसे घडतेच असे नाही, आणि चुकीच्या प्रतिजैविकाने अशक्त रुग्णाचे हालच होतात.

या सगळ्याच्या मुळाशी केरॅस नावाचे एक जनुक आहे. या आजाराच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांच्या गाठींत ते बिघडलेले असते. वाढीचे बटण दाबलेलेच राहावे, तशी त्याची अवस्था होते. माणसाच्या कर्करोगातील त्याचा सहभाग १९८२ च्या सुमारास समजला, पण त्यावर नेमके बसणारे औषध मात्र जवळजवळ चाळीस वर्षे सापडले नाही.

म्हणजे, मंडळी, औषध लागू न पडणे ही एक भिंत नाही. एकामागोमाग एक लागलेली ती पुष्कळ दारे आहेत. एक उघडावे तर पुढचे बंद असते. म्हणूनच आजवरचे यश एकदम आलेले नाही. ते महिन्यांच्या हिशेबाने जमा होत गेले. तो हिशेब आपल्यापुढे ठेवतो, कारण तेवढे मला जमते.

या हिशेबात मध्यक हा शब्द येईल. निम्मे रुग्ण ज्या काळापेक्षा कमी जगले आणि निम्मे ज्याहून अधिक, तो काळ म्हणजे मध्यक. तो समूहाचा आकडा आहे. कोणा एका रुग्णाचे ते भविष्य नव्हे, हे नातेवाइकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जुन्या फ्लुओरोयुरॅसिल या औषधावर रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक ४.४१ महिने होता. जेमसायटाबिनवर तो ५.६५ महिने झाला. वाढ सव्वा महिन्याची. पण वेदना, शक्ती आणि वजन यांत उल्लेखनीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण ४.८ टक्क्यांवरून २३.८ टक्क्यांवर गेले. पुढील कित्येक वर्षे जेमसायटाबिनला दुसऱ्या औषधांची जोड देऊन पाहण्यात आली, आणि बहुतेक प्रयत्नांतून फारसे काही हाती लागले नाही.

खरा पालट झाला तो २०११ मध्ये. फ्रान्समधील डॉक्टरांनी जेमसायटाबिन बाजूला ठेवले आणि फ्लुओरोयुरॅसिल, आयरिनोटेकॅन व ऑक्झॅलिप्लॅटिन ही तीन औषधे, फ्लुओरोयुरॅसिलचे बळ वाढवणाऱ्या ल्युकोव्होरिनसह एकत्र दिली. या मिश्रणाला फोल्फिरिनॉक्स म्हणतात. विचार सरळ होता: प्रत्येक औषधाचा मार्ग निराळा, त्यामुळे एका औषधाला चुकवणारी पेशी दुसऱ्याला सापडावी. ३४२ रुग्णांच्या त्या चाचणीत मध्यक ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेला. २०१३ मध्ये दुसरा मार्ग पुढे आला. पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांत बांधून जेमसायटाबिनच्या जोडीला दिले गेले. ८६१ रुग्णांत मध्यक ६.७ महिन्यांवरून ८.५ महिने झाला. मग आयरिनोटेकॅन स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म वेष्टनात घालून देण्याची युक्ती आली. त्यावर आधारलेल्या चार औषधांच्या मिश्रणाची, जेमसायटाबिन व अल्ब्युमिनबद्ध पॅक्लिटॅक्सेल यांच्या जोडीशी तुलना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली: ११.१ महिने आणि ९.२ महिने.

या हिशेबातील सर्वांत ठळक आकडा मात्र शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर फोल्फिरिनॉक्सचे थोडे सौम्य केलेले मिश्रण सहा महिने दिले गेले. जेमसायटाबिन घेणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक ३५ महिने होता, तर या मिश्रणावरच्या रुग्णांचा ५४.४ महिने. चार महिन्यांची भाषा करणारा आजार साडेचार वर्षांपर्यंत मागे सरला. हे सारे रुग्ण निवडक होते, शस्त्रक्रियेतून सावरलेले, अंगात बळ असलेले, हे खरे. पण मला वाटते, शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. तिच्याकडे मी पुन्हा येतो.

ताळेबंदाला दुसरी बाजू असते, तीही सांगितली पाहिजे. गाठीतल्या तंतुमय ऊती विरघळवल्या तर औषध आत पोहोचेल, हा विचार फार आकर्षक होता. २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत तो यशस्वी झाल्यासारखा दिसला. माणसांवर त्या गटातील एका औषधाची चाचणी सुरू झाली, पण औषध घेणाऱ्यांची स्थिती इतरांपेक्षा वाईट असल्याचे आढळल्याने ती २०१२ मध्ये थांबवावी लागली. पुढे २०१४ मध्ये दिसून आले की त्या ऊती नुसत्या अडथळा नसतात, काही प्रमाणात त्या गाठीला बांधूनही ठेवतात. ऊतींमधील हायल्युरॉनिक आम्ल विरघळवणाऱ्या आणखी एका औषधाची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल ११.२ महिने आणि औषधाविना ११.५ महिने, म्हणजे शून्य. उंदरांवरील प्रत्येक बातमी वर्तमानपत्रात वाचून जे नातेवाईक आशेने आमच्याकडे धावत येतात, त्यांना मी हा इतिहास आता नम्रपणे सांगतो.

केरॅसवरही अखेर मार्ग सापडू लागला आहे. त्याच्या एका विशिष्ट बिघाडावरील पहिल्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तो बिघाड स्वादुपिंडाच्या कर्करोगात शंभरात एक-दोघांतच असतो. आधीच उपचार घेऊन झालेल्या अशा ३८ रुग्णांना ते औषध दिले तेव्हा ८ जणांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. या जनुकाचे अनेक बिघाड एकत्र रोखू पाहणाऱ्या नव्या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. आशा धरावी असे हे काम आहे. पण या औषधांनाही चुकवण्याच्या वाटा कर्कपेशी शोधतात, हेही डॉक्टरांच्या पाहण्यात आलेले आहे.

आणखी एक दार असे आहे की ज्याची किल्ली रुग्णाच्या रक्ततपासणीत मिळते. काही रुग्णांत बीआरसीए नावाची जनुके जन्मतःच सदोष असतात. अशांच्या गाठींना ऑक्झॅलिप्लॅटिन, सिसप्लॅटिन यांसारखी प्लॅटिनमयुक्त औषधे अधिक लागू पडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीसाठी ३,३१५ रुग्ण तपासले गेले, त्यांत २४७ जणांत, म्हणजे सुमारे साडेसात टक्क्यांत हा दोष सापडला. प्लॅटिनमयुक्त औषधांनी रोग आटोक्यात असलेल्या अशा रुग्णांना नंतर ओलापारिब या गोळ्या दिल्यावर रोग पुन्हा वाढू लागण्यापूर्वीचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिने झाला. एकूण आयुष्य मात्र त्यामुळे वाढल्याचे सिद्ध झाले नाही. ही तपासणी रुग्णाच्या मुलामुलींनाही उपयोगी असते, कारण हाच दोष स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सर्व आकड्यांकडे एका हिशेबनिसाच्या नजरेने पाहिल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. जिथे जिथे खरा लाभ झाला, तिथे तो आरंभीच्या उपचारात झाला, आणि ते उपचार सोसण्याची ताकद ज्यांच्या अंगात होती त्यांना झाला. फोल्फिरिनॉक्सच्या २०११ च्या चाचणीत हिंडतेफिरते, ७५ वर्षांपर्यंतचे आणि कावीळ नसलेले रुग्णच घेतले होते. दर चौदा दिवसांनी द्यायच्या या उपचारात एक औषध ४६ तास सतत शिरेतून चालू ठेवावे लागते. जुलाब होतात, पांढऱ्या पेशी उतरतात, ताप येतो, हातापायांना मुंग्या येतात. ज्याची कावीळ उतरलेली नाही, ज्याला खाल्लेले पचत नाही, ज्याचे वजन महिन्याला घटते आहे, त्याला पूर्ण मात्रा देताच येत नाही. मात्रा कमी करावी लागते, तारखा पुढे ढकलाव्या लागतात. अशा वेळी नातेवाईक म्हणतात, औषध लागू पडले नाही. पुष्कळदा औषध पुरेसे पोहोचलेलेच नसते. कर्कपेशीच्या आतली दारे उघडणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे. ही बाहेरची दारे उघडणे मात्र आपल्या हातात आहे.

त्या दारांची यादी साधी आहे. पित्तनलिका दाबली गेल्याने झालेली कावीळ दुर्बिणीतून स्टेंट बसवून वेळेवर उतरवणे. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक विकरांच्या कॅप्सूल, ज्यांमुळे खाल्लेले अंगी लागते. आहारतज्ज्ञांचा सल्ला. वारंवार शीर शोधण्याचे हाल टळावेत म्हणून त्वचेखाली बसवायचे पोर्ट. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने. उपचार सुरू होण्यापूर्वीच जनुकतपासणीसाठी रक्त. आणि परगावच्या कुटुंबाला राहण्याची सोय, म्हणजे ताप आला तर रुग्ण तासाभरात दारात पोहोचेल. यांतल्या एकाही गोष्टीची बातमी वर्तमानपत्रात येत नाही.

आपल्या रुग्णसाहाय्य निधीचा विनियोग आजवर कसा होत आला आहे? कुटुंबाजवळचे पैसे संपले, दागिने गहाण पडले, की अर्ज येतो. म्हणजे निधी पोहोचतो तो शेवटच्या, बहुधा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी उपयोगी औषधाला. अर्ज करणाऱ्याचा त्यात दोष नाही. नियमच आपण तसा केलेला आहे. जिल्ह्यात दुष्काळ पडल्यावर विहीर खणायला अनुदान देण्यासारखे ते आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी आज जाहीरपणे एक प्रस्ताव ठेवतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या प्रत्येक गरजू रुग्णाला पहिल्या सहा आठवड्यांसाठी, अर्जाची वाट न पाहता, वर सांगितलेल्या गोष्टींचे साहाय्य मिळावे, आणि त्यासाठी निधीत स्वतंत्र शीर्ष उघडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालये एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांसाठी बाजूला काढतात, आणि १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतात. ते आपले कायदेशीर कर्तव्य आहे आणि आपण ते पाळतो. माझा प्रस्ताव त्याहून निराळा, देणगीदारांच्या विश्वासावर उभा राहणारा आहे.

औषधांच्या खरेदीतही बचतीला जागा आहे. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले. त्यातील २३ केंद्रांनी एकत्र येऊन ४० औषधांचे भाव ठरवले आणि सुमारे १,३२० कोटी रुपये, म्हणजे ८२ टक्के वाचवल्याचा वृत्तांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्याने घासाघीस करणाऱ्या खरेदी अधिकाऱ्याला हा आकडा पुष्कळ काही शिकवून जातो. लहान रुग्णालयांनीही एकत्र खरेदीची वाट धरावी, असे मी आपल्या खरेदी समितीला सुचवले आहे.

प्रस्तावाचा दुसरा भाग पैशांचा नाही. दुसऱ्यांदा औषध बदलण्याची वेळ आली की खर्चाचा अंदाज देण्याआधी डॉक्टर, वैद्यकीय समाजसेवक आणि कुटुंब यांनी एका खोलीत, दार लावून, एकत्र बसायचे, असा नियम गुरुजींच्या प्रसंगानंतर आम्ही केला. त्या बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: या औषधाने किती मिळण्याची शक्यता आहे, त्यासाठी काय सोसावे लागेल, आणि ते न घेतल्यास वेदनाशमनासाठी आम्ही काय करू. रुग्णाची इच्छा असेल तर तोही त्या बैठकीत असतो. त्या कागदावर डॉक्टरांची सही झाल्याशिवाय माझ्या कार्यालयातून खर्चाचा अंदाज दिला जात नाही. हा नियम लेखी स्वरूपात मंडळाने कायम करावा.

काही विश्वस्तांनी मला खासगीत विचारले, "म्हणजे शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना आपण निधी नाकारणार का?" मुळीच नाही. फोल्फिरिनॉक्सच्या त्याच चाचणीत एक नोंद आहे: सहा महिन्यांनी जीवनमान कायमचे खालावलेल्यांचे प्रमाण जेमसायटाबिनवर ६६ टक्के होते, तर अधिक तीव्र मिश्रणावर ३१ टक्के. म्हणजे रोग आवरला की यातनाही आवरतात. पण रोग आवरेनासा होतो, तेव्हा यातना आवरण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे. मॉर्फिन, पोटामागील मज्जातंतूंवरील इंजेक्शन, घरी जाणारी परिचारिका, यांना या निधीत पहिल्याइतकीच जागा असावी. शेवटच्या टप्प्यात पैसा द्यायचाच, पण तो खोट्या आशेला नव्हे, माणसाला द्यायचा.

रुग्णांच्या नातेवाइकांना दोन शब्द. केमो लागू पडली नाही म्हणजे रुग्ण मनाने खचला, पथ्यात चुकला किंवा तुम्ही कुठे कमी पडलात, असे बिलकूल नाही. ज्या पेशीने दार बंद केले तिला तुमचे प्रेम किंवा तुमची जमीन दिसत नाही. प्रश्न विचारायला संकोचू नका. हे औषध बरे करण्यासाठी आहे की काळ वाढवण्यासाठी, जनुकतपासणी झाली आहे का, वजन घटते आहे त्यावर काय करायचे, एवढे प्रश्न जरी विचारलेत तरी पुष्कळ आहे. आणि प्रशासकाच्या खोलीत तेच प्रश्न विचारलेत तर, "ते डॉक्टरांना विचारा," असे उत्तर आता मिळणार नाही. मी स्वतः तुम्हांला डॉक्टरांपर्यंत घेऊन जाईन.

देणगीदारांना माझी एवढीच प्रार्थना आहे की संगमरवरी पाटी लावता येईल अशा यंत्रासाठी आपण जितक्या आनंदाने देणगी देता, तितक्याच आनंदाने पाचक कॅप्सूलच्या डबीसाठी आणि धर्मशाळेतील एका खाटेसाठीही द्यावी. त्यांवर पाटी लावता येणार नाही. पण वर्षअखेरीस त्या शीर्षाखालील प्रत्येक रुपयाचा हिशेब मी याच व्यासपीठावरून आपणांस देईन, हा माझा शब्द.

गुरुजींच्या मुलाला मी काही महिन्यांपूर्वी पत्र लिहिले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवे होते, ते दिले नाही, याबद्दल क्षमा मागितली, आणि आम्ही केलेला नियम कळवला. त्याचे पोस्टकार्ड आले. त्यात लिहिले होते की नियम चांगला आहे, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. ते पोस्टकार्ड मी निधीच्या खातेवहीत पहिल्या पानावर ठेवले आहे. प्रस्तावावर विचार करताना विश्वस्त मंडळाने ते एकवार वाचावे, एवढीच विनंती.